प्रिंटर घेताना खोक्यावर काय वाचाल?

प्रिंटर घ्यायला गेलेला माणूस दुकानात ठरलेलेच प्रश्न विचारतो: किंमत किती, मिनिटाला पानं किती, रिफिल होतं का? पण घरात मुलीचं मॅकबुक, आईचा अँड्रॉइड फोन आणि जुना विंडोजचा डेस्कटॉप असं सगळं असेल, तर आधी विचारायला हवं की हा या तिघांचंही ऐकेल का.

भांडणाचं मूळ असतं ड्रायव्हरमध्ये. संगणकातलं पान प्रिंटरला कळेल अशा भाषेत आणून देणारा हा छोटासा प्रोग्रॅम. ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट किंवा एचपीची पीसीएल या भाषा अनेक कंपन्यांच्या प्रिंटरना कळतात, म्हणून तिथे फारसं अडत नाही. स्वस्त लेझर प्रिंटरमध्ये मात्र खर्च वाचवण्यासाठी पान रचण्याचं काम बरेचदा संगणकावर ढकललेलं असतं आणि भाषाही कंपनीची खासगी असते.

झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० घ्या. छपाई सुबक, टोनर रिफिल होतो, दुरुस्ती गल्लोगल्ली. पण त्याची कॅप्ट ही भाषा कॅननची स्वतःची आणि जोडणी फक्त यूएसबी केबलची. विंडोजवर निमूट राबणारा हा गडी लिनक्सवर बसवायचा तर कमांड टाकता टाकता संध्याकाळ होते. फोनवरून थेट छपाईचं तर नावच नको.

यावर उतारा निघाला तो ड्रायव्हरलाच फाटा देऊन. ॲपलने २०१० मध्ये आयफोन-आयपॅडसाठी एअरप्रिंट आणलं. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मोप्रिया अलायन्स स्थापन केली. तिचा फायदा अँड्रॉइडवाल्यांना झाला. दोन्हींच्या मुळाशी आयपीपी ही खुली पद्धत आहे. कागद कोणता, रंग आहे का, पाठपोट छापता येतं का, हे प्रिंटर स्वतःच सांगतो. मॅक आणि लिनक्समधली छपाई सांभाळणारी कप्स प्रणालीही हेच बोलते. त्यामुळे लिनक्सवाल्यानेही खोक्यावर एअरप्रिंटचं नाव शोधावं, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे! २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार असल्याचं जाहीर केलं.

नुसत्या ‘वायफाय’ या शब्दावर भुलू नका. काही प्रिंटर वायफायवर असूनही कंपनीच्या ॲपवाचून हलत नाहीत. स्कॅनरचंही वेगळं विचारा. आणि पैसे देण्याआधी आपल्या फोनमधली एखादी मराठी पीडीएफ काहीही इन्स्टॉल न करता तिथेच छापून मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर दुसरं मॉडेल बघा.