गेलेल्या बल्बच्या पोटात

मागच्या दिवाळीत, ऐन नरक चतुर्दशीच्या पहाटे, आमच्या आकाशकंदिलातला 9 वॅटचा एलईडी बल्ब गेला. वर्षभरही चालला नव्हता. खोक्यावर मात्र 25,000 तास छापलेले. दुपारी तो उघडायला बसलो.

वरचा पांढरा घुमट काढल्यावर ॲल्युमिनियमच्या चकतीवर नऊ पिवळे चौकोन दिसले. त्यातल्या एकावर मोहरीएवढा काळा ठिपका. नऊही एलईडी एका माळेत असतात, एक तुटला की सगळ्यांचा करंट थांबतो. आपण म्हणतो, एलईडी जळाला. तो का जळाला, हे विचारायचं तर चकतीखालच्या ड्रायव्हरकडे पाहावं लागतं.

जुन्या पिवळ्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढायचा आणि करंट आपोआप आवरला जायचा. एलईडीचं उलट आहे. व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट भसकन वाढतो आणि एलईडी तापला की त्याच व्होल्टेजला आणखी करंट ओढतो. म्हणून त्याला व्होल्टेज नव्हे, करंट मोजून द्यावा लागतो. ड्रायव्हर तेच करतो.

घरातल्या 230 व्होल्टच्या एसीचा डीसी केला की साधारण 325 व्होल्ट मिळतात. माझ्या बल्बमधला प्रत्येक एलईडी 9 व्होल्टचा, म्हणजे माळेला हवेत 81. उरलेले 244 व्होल्ट रेझिस्टरवर जिरवले, तर 100 मिलीॲम्पिअरला 24 वॅटची नुसती उष्णता होईल, उजेडाच्या माळेला जेमतेम 8 वॅट. म्हणून तिथे कॉइल आणि सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करणारा स्विच बसवतात. स्विच चालू झाला की कॉइलमधला करंट चढू लागतो. वाटेतल्या 2 ओहमच्या बारीक रेझिस्टरवर 0.4 व्होल्ट दिसले, म्हणजे 200 मिलीॲम्पिअर झाले, की चिप स्विच बंद करते. मग कॉइल साठवलेली ऊर्जा डायोडमार्गे माळेत ओतते. करंट शून्यावर आला की पुन्हा चालू. शून्य ते 200 ची सरासरी 100. वीज 200 व्होल्टवर घसरली तरी ही सरासरी ढळत नाही. मला या रचनेचं दरवेळी नव्याने कौतुक वाटतं.

करंट किती ठेवायचा, हे मात्र डिझाइन करणारा ठरवतो, आणि खरी मेख तिथेच आहे. कमी एलईडी लावून त्यांच्यातून जास्त करंट रेटला की बल्ब स्वस्त पडतो आणि तापतो. त्या उष्णतेत ड्रायव्हरमधला, डीसीचे चढउतार सपाट करणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही वाळतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. तो थकला किंवा मुळातच लहान बसवला, तर उजेड सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात, ते यामुळेच.

उलट वाटेने गेलं तर काय साधतं, हे 2016 मध्ये फिलिप्सने दुबईसाठी काढलेल्या दिव्यांनी दाखवलं. एलईडी जास्त, प्रत्येकातून करंट कमी, आणि वॅटमागे 200 ल्युमेनपर्यंत उजेड. बाजारातल्या बल्बांवर 100 च्या आसपास आकडा असतो. असा दिवा आपल्या दुकानांत सर्रास का मिळू नये, हा प्रश्न ग्राहक म्हणून आपण विचारायला हवा.

माझ्या बल्बच्या ड्रायव्हरमध्ये ते 2 ओहम दोन रेझिस्टर समांतर जोडून केले होते, एक 3 चा आणि एक 6.2 चा. 6.2 चा काढून टाकला. करंट 67 मिलीॲम्पिअरवर आला. जळका एलईडी दुसऱ्या बंद बल्बमधल्या तशाच एलईडीने बदलला. (हे घरी सहज करून पाहू नका. ही सर्किट थेट घरातल्या विजेला जोडलेली असतात आणि बल्ब काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.)

तासाभराने चकतीला बोट लावून पाहिलं, अर्थात बल्ब होल्डरमधून काढून, कपॅसिटर रिकामा करून. कोमट होती. भाऊबीजेला तोच बल्ब कंदिलात लावला; उजेड थोडा मंद, पण कागदातून छान झिरपत होता. यंदाही तोच लावला आहे.