रोज बदलणारे लिनक्स आणि एका तालात चालणारी यंत्रे



वेतनकरारांवर बोलणाऱ्या माणसाने आज संगणकावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आमच्या युनियनच्या कचेरीत सहा संगणक आहेत. वर्गणीची नोंद त्यांत, ग्रॅच्युइटीचे दावे त्यांत. एका टेबलावर दाव्याचा अर्ज छापला जातो आणि शेजारच्या टेबलावर तोच उघडत नाही, असे झाले की खेटे सभासदाला पडतात, यंत्राला नव्हे.

लिनक्सचे ढंग दोन. डेबियनवाले सुमारे दोन वर्षांनी पक्की आवृत्ती काढतात आणि मधल्या काळात तिच्यात बहुतेक दुरुस्त्याच करतात. दुसरा ढंग २००२ साली निघालेल्या आर्च लिनक्सचा. तिथे आवृत्ती हा प्रकारच नाही. नवा भाग तयार झाला की भांडारात येऊन पडतो. माझे मत विचाराल तर बहुतेक कचेऱ्यांनी डेबियनच घ्यावे. परंतु आमची तरुण पोरे आर्चवर शिकली, आणि जो यंत्र सांभाळतो त्याच्या हाताच्या वळणालाही मान द्यावा लागतो.

आता घोळ कुठे होतो ते पाहा. सोमवारी एक संगणक अद्ययावत केला, गुरुवारी दुसरा. दोन्ही ताजे म्हणायचे, पण दोन्ही सारखे नाहीत, कारण मधल्या तीन दिवसांत भांडारच बदलले. यावर उपाय आर्चवाल्यांनीच करून ठेवला आहे. त्यांच्या दप्तरखान्यात रोजच्या भांडाराचे स्वरूप वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने जतन केलेले असते. माल आणणारी आज्ञावली पॅकमन. तिला भांडाराचे पत्ते सांगणारी एक यादी असते. त्या यादीत एकाच तारखेचा पत्ता ठेवावा. मग काम सोमवारी करा की गुरुवारी, साऱ्या यंत्रांना माल एका दिवसाचा मिळतो. ती तारीख आधी एका यंत्रावर आठवडाभर वापरून पाहावी. छपाई, स्कॅनर, मराठी टंक, सगळे चालले तरच बाकीच्या पाचांना लावावी.

दुसरे पथ्य याहून कडक आहे. अद्ययावत करायचे तर सगळे, नाहीतर काहीच नाही. अनेक आज्ञावल्या काही भाग सामाईक वापरतात. एक नवी आज्ञावली हवी म्हणून तेवढीच आणली, तर ती आपल्याबरोबर नवा सामाईक भाग ओढून आणते आणि जुन्या आज्ञावल्या अडून बसतात. नव्या आट्यांचा बोल्ट आणला आणि नट जुनेच राहिले, असा तो प्रकार. फिटरला हे समजावून सांगावे लागत नाही. शिकलेल्यांना मात्र लागते!

आता कोणी म्हणेल, चांगली तारीख सापडली, तर वर्षभर तीच का ठेवू नये? कारण तिच्याबरोबर जुनी भोकेही राहतात. इंटरनेटवर फिरणाऱ्या ब्राउझरला ती परवडत नाहीत, आणि एकटा ब्राउझर नवा आणणे म्हणजे पुन्हा नट-बोल्टच. तातडी असली की साऱ्यांची तारीख पुढे सरकवावी. उलट घाईचाही धोका आहे. फायली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी मुद्दाम चोरवाट घातल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने २९ मार्च २०२४ रोजी उघड केले. डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत त्या पोचल्याच नव्हत्या. आर्चमध्ये आणि ओपनसुसेच्या टंबलवीडमध्ये पोचल्या होत्या. एकदोन आठवडे मागे राहणे म्हणून मला सोयीचे वाटते.

परतीची वाटही हवी. टंबलवीडमध्ये स्नॅपर नावाची सोय बदलाच्या आधीची स्थिती टिपून ठेवते. बिघडले तर मागे जाता येते. आर्चवरही ती बसवता येते. मात्र सभासदांची नोंद वेगळ्या कप्प्यात ठेवावी, आणि तिची नक्कल दुसऱ्या जागी. यंत्र तीन दिवस मागे नेताना तीन दिवसांची वर्गणी पुसली गेली, तर पावती हातात घेऊन आलेल्या माणसाला काय सांगणार?

एक लहान गोष्ट राहिली. कपाटात सहा महिने पडलेले यंत्र काढले की पॅकमन नव्या मालावरच्या सह्या ओळखत नाही आणि काम नाकारते. तेव्हा आधी सह्यांचा जुडगा, म्हणजे आर्चचे की-रिंग, तेवढे नवे करावे आणि लगेच बाकी सगळे. अपवाद एवढाच.