तुटण्याच्या क्षणाची तयारी : पदार्थ-चाचणी यंत्रांच्या सुरक्षिततेचा मागोवा

पदार्थांची ताकद तपासणारे यंत्र नमुना मोडेपर्यंत चालवायचे असते. सळई तुटली, काँक्रीटचा क्यूब फुटला, पट्टी फाटली की चाचणी पूर्ण झाली. इतर यंत्रांत तुटणे हा अपघात असतो, येथे ते रोजचे काम आहे. म्हणून या यंत्रांच्या सुरक्षिततेचा विचार वेगळ्या प्रश्नापासून सुरू होतो : नमुना तुटला की त्यात साठलेली ऊर्जा कुठे जाणार?

ही ऊर्जा किती असते, हे एका साध्या हिशेबावरून कळते. बांधकामातली २० मिलिमीटर व्यासाची सळई यंत्राच्या जबड्यांत धरली आहे आणि दोन जबड्यांमध्ये तिची ४०० मिलिमीटर लांबी मोकळी आहे असे समजू. दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन इतका ताण चढला की तिच्यावर १५७ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १६ टन भार असतो आणि ती एक मिलिमीटर लांबलेली असते. तिच्यात साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा भरते सुमारे ७८ ज्यूल. चार किलोचे वजन दोन मीटर उंचीवरून पायावर पडावे, तितकी. पूर्वप्रतिबलित काँक्रीटमध्ये वापरतात ती सात तारांची १२.७ मिलिमीटरची दोरी याहून पुष्कळ घातक असते. ती साधारण १८४ किलोन्यूटनला तुटते आणि तोवर मीटरभर लांबीत तिची स्थितिस्थापक वाढ साडेनऊ मिलिमीटर झालेली असते. तिच्यातली ऊर्जा ८७० ज्यूलच्या आसपास जाते. सळई तुटण्याआधी मान बारीक करून सूचना देते. दोरीतली एखादी तार आधी सुटली तर ती चाबकासारखी बाहेर फेकली जाते. भरीस भर म्हणजे यंत्राचे खांब आणि आडवी तुळई हेही भाराखाली ताणलेले असतात, त्यांचीही ऊर्जा त्याच क्षणी मोकळी होते.

या प्रश्नाचे भान किती जुने आहे याचे आश्चर्य वाटते. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत लोखंडी तारेच्या चाचणीची एक मांडणी आहे. तार वर घट्ट बांधायची, खाली टोपली लटकवायची आणि एका नरसाळ्याच्या बारीक छिद्रातून टोपलीत वाळू सोडत राहायची. तार तुटताच एक स्प्रिंग छिद्र बंद करते, त्यामुळे तुटल्यानंतर वाळूचा एक कणही जास्त पडत नाही आणि वजन बरोबर मिळते. टोपली फार थोड्या उंचीवरून पडेल अशी टांगलेली असते, म्हणून ती कलंडत नाही. या दोन्ही युक्त्या मोजमापासाठी होत्या. पण भार आपोआप थांबवणे आणि पडण्याची उंची कमी ठेवणे ही दोन्ही तत्त्वे आजही वापरली जातात. मोजमाप नेमके करण्यासाठी काढलेली युक्ती माणसालाही वाचवते, असे पुढेही अनेकदा घडले.

१७२९ मध्ये लायडनच्या मुश्शेनब्रुक यांनी तरफेवर चालणाऱ्या चाचणीयंत्रांची वर्णने प्रसिद्ध केली. पुढच्या शतकभर यंत्रांचा सांगाडा साधारण तोच राहिला : लांब दांडा, त्याच्या टोकाला वजने, मधे नमुना. या रचनेत नमुना तुटला की वजने लावलेला दांडा खाली आदळतो. दांड्याखाली आधार ठेवणे आणि त्याच्या पट्ट्यात कोणी उभे न राहणे, एवढाच बंदोबस्त शक्य होता. हाताने एकेक वजन चढवणारा माणूस मात्र त्याच पट्ट्यात उभा असे.

रेल्वे, बॉयलर, जहाजांचे साखळदंड यांनी या कामाचा आकारच बदलला. १८४२ साली व्हर्सायजवळ आगगाडीचा आस तुटून भीषण अपघात झाला आणि धातूचा थकवा हा अभियंत्यांचा विषय बनला. ब्रिटनमध्ये १८६४ च्या कायद्याने जहाजांचे साखळदंड आणि नांगर तपासून घेणे बंधनकारक केले. इतके मोठे नमुने तोडायला वजनांची तरफ पुरेना, तेव्हा पाण्याचा दाब कामाला आला. डेव्हिड किर्काल्डी यांनी १८६३ मध्ये पेटंट घेतलेले यंत्र लीड्समध्ये बांधले गेले आणि १८६६ च्या आरंभी लंडनच्या सदर्कमध्ये त्यावर व्यावसायिक चाचण्या सुरू झाल्या. सुमारे ४७ फूट लांब, शंभर टनांहून जड आणि दहा लाख पौंडांपर्यंत भार देऊ शकणारे हे यंत्र आडवे आहे. ते आजही लंडनमध्ये पाहायला मिळते. नमुना जमिनीला समांतर धरलेला असल्यामुळे तुटलेले तुकडे अक्षाच्या दोन्ही टोकांकडे उसळतात. मोजणारा बाजूला उभा राहतो, उसळीच्या रेषेत राहत नाही. डिसेंबर १८७९ मध्ये टे नदीवरचा पूल कोसळला, तेव्हा त्याच्या लोखंडाचे नमुने तपासणीसाठी याच यंत्रावर आले.

मोठ्या भारानंतरच्या धक्क्याचा प्रश्न अमेरिकेत सर्वांत स्पष्टपणे पुढे आला. वॉटरटाउनच्या शस्त्रागारासाठी अल्बर्ट एमरी यांनी ४०० टन क्षमतेचे यंत्र १८७९ मध्ये तयार केले. त्याच्या परीक्षेत पाच इंच जाडीची लोखंडी कडी सात लाख पौंडांहून अधिक भार देऊन तोडली गेली आणि लगेच त्याच यंत्रावर घोड्याचा केस तोडून त्याचा भार मोजण्यात आला. अशा प्रचंड धक्क्यानंतरही मोजणारे अवयव शाबूत राहिले, हेच सिद्ध करायचे होते. धक्का सांगाड्यात मुरवायचा आणि मोजणाऱ्या भागापर्यंत पोचू द्यायचा नाही, ही एमरींची कल्पना नंतर सर्वत्र गेली. त्याच सुमारास म्युनिकमध्ये बाउशिंगर यांनी आरशांचे लांबीमापक बसवले होते. नमुन्याला जोडलेले आरसे किंचित वळत आणि ते वळणे दुर्बिणीतून पट्टीवर वाचले जाई. हेतू सूक्ष्मतेचा होता, पण वाचणारा नमुन्यापासून काही अंतरावर बसला, हा लाभ छोटा नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धोक्याचे स्वरूपच पालटले. १९०१ मध्ये जॉर्ज शार्पी यांची आघात-चाचणी आली. येथे भार हळूहळू चढत नाही. साधारण २० किलोचा हातोडा दीड मीटर उंचीवरून लंबकासारखा सुटतो आणि ५५ मिलिमीटर लांबीच्या खाचदार पट्टीला सेकंदाला पाच मीटरहून अधिक वेगाने तडाखा देतो. या यंत्रात ऊर्जा नमुन्यात साठत नाही, उचललेल्या हातोड्यात साठते. म्हणजे काहीही तोडायच्या आधी, हातोडा वर टांगलेला असतानाच यंत्र सर्वांत धोकादायक असते. नमुना तुटल्यावरही हातोडा दुसऱ्या बाजूला चढून परत येतो, म्हणून ब्रेक लागेपर्यंत कोणी पुढे वाकायचे नाही. १९४३ मध्ये स्केनेक्टडी हे तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला उभे असताना दुभंगले आणि थंडीत पोलाद ठिसूळ होते की काय हे तपासण्याची गरज वाढली. तेव्हापासून शार्पी यंत्राशेजारी द्रवरूप नायट्रोजनची किंवा कोरड्या बर्फाची पेटी आली. गोठवलेला नमुना बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांत तोडायचा असतो. या घाईतच हात अडकण्याची भीती असते. म्हणून नमुना जागेवर नेमका बसवणारे चिमटे, आडोशाची जाळी आणि दार बंद झाल्याशिवाय न सुटणारी खिट्टी यांना या यंत्रात फार महत्त्व आहे.

ऊर्जा साठूच न देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९५४ चे आहे. जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये इटलीच्या दक्षिणेला दोन कॉमेट जेट विमाने हवेतच फुटली. कारण शोधण्यासाठी फार्नबरोच्या प्रयोगशाळेत जी-एएलवाययू हे दुसरे कॉमेट विमान मोठ्या टाकीत ठेवून पाण्याखाली बुडवले, केबिनमध्येही पाणी भरले. प्रत्येक उड्डाणात केबिनवर चढणारा चौरस इंचास सव्वाआठ पौंडांचा दाब पाणी आत ढकलून पुनःपुन्हा देण्यात आला आणि टाकीबाहेर काढलेले पंख जॅकने वाकवले जात होते. हा दाब हवेने दिला असता तर केबिन फुटताना बॉम्बसारखा स्फोट झाला असता. माणसे धोक्यात आली असती आणि तडा कुठून सुरू झाला याचा पुरावाही उद्ध्वस्त झाला असता. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. समान दाबाला हवेत साठणारी ऊर्जा पाण्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असते. २४ जूनला, विमानाची १,२२१ खरी आणि १,८३६ कृत्रिम उड्डाणे झाल्यावर, केबिनचा पत्रा एका चौकोनी छिद्राच्या कोपऱ्यापासून फाटला. पाण्याचा दाब क्षणात गेला, टाकी रिकामी केली आणि तडा जसाच्या तसा हाती आला. दाबपात्रे आणि नळ तपासताना पाणी वापरायचे आणि हवा अगदीच नाइलाज झाला तरच, या नियमामागे हेच कारण आहे.

दाबाखाली फुटणाऱ्या ठिसूळ पदार्थांची गोष्ट वेगळी. १५० मिलिमीटरचा काँक्रीटचा क्यूब दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन ताकदीचा असेल तर तो फुटेपर्यंत ९०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ९२ टन भार चढतो. भारतीय मानक ५१६ च्या १९५९ च्या आवृत्तीत चौरस सेंटिमीटरला मिनिटागणिक १४० किलो असा वेग ठरवलेला होता. या क्यूबसाठी तो मिनिटाला साडेएकतीस टन होतो. वेग वाढवला तर भार खोटा जास्त दिसतो आणि क्यूब अधिक उग्रपणे फुटतो. पण वेग पाळूनही काही क्यूब हळूच चिरतात, काही मात्र स्फोट झाल्यासारखे उडतात. याचे उत्तर १९६० च्या दशकात खाणींनी दिले. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत खोलवर खडक अचानक फुटत. भारतात कोलारच्या खाणींनाही हा त्रास पुष्कळ झाला. नेव्हिल कुक यांनी १९६५ च्या सुमारास दाखवले की प्रयोगशाळेतला नमुना जो धडाक्याने उडतो, त्याला बहुतांशी यंत्रच जबाबदार असते. यंत्राचा सांगाडा मऊ स्प्रिंगसारखा असेल तर खडक कमकुवत होऊ लागताच सांगाडा आपली साठलेली ऊर्जा त्याच्यावर ओततो. सांगाडा पुरेसा ताठ केला की तोच खडक शांतपणे, टप्प्याटप्प्याने मोडतो. यानंतर ताठ सांगाडा हे मोजमापाइतकेच संरक्षणाचे लक्षण मानले गेले. क्यूब तपासणाऱ्या दाबयंत्राभोवती दार असलेली पोलादी जाळी लावण्याची रीत मात्र यंत्र कितीही ताठ असले तरी सुटली नाही, आणि सुटूही नये.

१९३८ च्या सुमारास विद्युत-ताणमापक पट्टी तयार झाली आणि १९४६ मध्ये अमेरिकेत इन्स्ट्रॉन यंत्र आले. पॅराशूटचे कापड आणि धागे तपासण्याच्या गरजेतून ते जन्मले. पेचाचे दोन उभे खांब क्रॉसहेड, म्हणजे आडवी तुळई, ठरावीक वेगाने वरखाली करतात आणि भार अशा पट्ट्यांवर चालणारी लोड सेल मोजते. या यंत्रात नमुना सहसा फार ऊर्जा साठवत नाही, तरी बोटांना धोका जास्त. क्रॉसहेड आणि जबडा यांच्या मधे हात घालून नमुना बसवताना चुकीचे बटण दाबले गेले तर पेच थांबत नाही. म्हणून क्रॉसहेडच्या मार्गावर हाताने सरकवता येणारे थांबे, वेग आपोआप उतरवणारी 'बसवण्याची' अवस्था आणि लाल मोठे बटण आले.

द्रवदाबावरची सर्व्हो यंत्रे त्याहून उतावळी. २०० बारच्या आसपासच्या तेलाने दट्ट्या चालतो आणि लोड सेलच्या तारेतून आलेल्या संकेतावर झडप क्षणाक्षणाला उघडमीट करते. लोड सेलची तार निसटली तर यंत्राला भार शून्य वाटतो आणि तो भरून काढण्यासाठी झडप पूर्ण उघडते. दट्ट्या एका झटक्यात टोकाला जाऊन आदळतो. म्हणून तार सुटताच तेल बंद करणारी मर्यादा आधी लावायची, पहिल्यांदा पंप कमी दाबावर चालवायचा, आणि दाबसंचयकातले तेल पंप थांबल्यावरही जिवंत असते हे लक्षात ठेवून ते सोडून द्यायचे. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तर तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेर छोटासा ठिपका दिसतो आणि आत बोट गमावण्याइतकी इजा झालेली असते. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा.

भारतात ही परंपरा १९१२ मध्ये कलकत्त्याच्या अलिपूर येथे सुरू झालेल्या सरकारी चाचणीगृहापासून मोजता येते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या एकविसाव्या कलमाने यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण बंधनकारक केले. स्वातंत्र्यानंतर इचलकरंजी आणि मिरज या गावांत यूटीएम, म्हणजे सार्वत्रिक चाचणी यंत्रे, बनू लागली आणि तिथली यंत्रे देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि बांधकाम प्रयोगशाळांत पोचली. मोठ्या गोल डायलची ही यंत्रे दणकट आहेत. त्यांचा एक दोष मात्र सवयीतून आला. भाराचा काटा नमुन्याच्या जवळ असल्याने वाचणारा पुढे झुकतो, आणि लांबीमापक काढायला विसरला तर तुटताना तोही उडतो. चांगल्या प्रयोगशाळेत कमाल भाराच्या किती आधी लांबीमापक उतरवायचा, सळई किती लांब धरायची, जबड्याच्या लांबीच्या दोन तृतीयांशहून अधिक भागात ती कशी बसेल आणि दाते झिजलेत का, हे चाचणीच्या नोंदवहीतच लिहिलेले असते. जबड्यातून निसटलेली सळई तुटलेल्या सळईइतकीच घातक ठरते.

आता सांगाड्याभोवती पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे दार असते आणि ते उघडे असताना क्रॉसहेड फक्त हळू आणि बटण दाबून धरले असतानाच हलतो. युरोपात १९८९ च्या यंत्र-निर्देशाने हे वळण पक्के केले. लांबी मोजण्यासाठी कॅमेऱ्याचा वापर वाढला आहे. नमुन्यावर दोन ठिपके रंगवायचे आणि ते किती लांब गेले हे काचेबाहेरून पाहायचे. बाउशिंगरच्या दुर्बिणीइतकेच अंतर पुन्हा मिळते. उरतात ते नमुना जबड्यात बसवण्याचे काही सेकंद. त्या वेळी हात आत असतो, दाब जोडलेला असतो आणि दुसरा कोणी तरी बटणाजवळ उभा असतो. म्हणून सूचनापत्रकांत बजावलेले असते की नमुना बसवणाऱ्याच्याच हाती नियंत्रण राहील, दुसऱ्या कोणी यंत्राला हात लावायचा नाही.