पायाचे माप घरीच घ्या, परतीचा माल टाळा

स्पोर्ट्स शूजचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना एक नुकसान वारंवार सोसावे लागते. गिऱ्हाईक फोनवरून ‘आठ नंबर पाठवा’ म्हणते, माल जातो आणि चार दिवसांनी जोडा परत येतो. जाण्यायेण्याचे भाडे दुकानदाराच्या अंगावर पडते. खोका फाटल्यामुळे तो जोडा पूर्ण भावाने विकतही नाही. आमच्या मते याचे मूळ एकच आहे: नंबर विचारला, माप विचारले नाही.

नंबर सर्वत्र सारखा नसतो. इंग्लिश पद्धतीत एका नंबरामागे लांबी १/३ इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटरने वाढते. युरोपीय पद्धतीत सुमारे ६.७ मिलिमीटरने. पुरुषांच्या जोड्यावरील अमेरिकन नंबर इंग्लिशपेक्षा काही कंपन्यांत अर्ध्याने, तर काहींत एकाने जास्त असतो. शिवाय प्रत्येक कारखान्याचा फर्मा वेगळा. मिलिमीटर मात्र कुठेही बदलत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला पुढील रीत समजावून सांगावी.

दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा सुजतो, तेव्हा माप असर ते मगरिबच्या दरम्यान घ्यावे. खेळताना घालतो तेच मोजे घालावेत. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवावा, टाच भिंतीला लावून सरळ उभे राहावे आणि पायावर पूर्ण भार द्यावा. बसून घेतलेले माप कमी भरते. दुसऱ्याने पेन्सिल उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी. हे बोट अंगठाच असेल असे नाही. भिंतीपासून खुणेपर्यंत पट्टीने मोजावे. पंजाच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंनाही खुणा करून रुंदी मोजावी. दोन्ही पाय मोजून मोठे माप धरावे.

जोड्याच्या आत बोटापुढे सुमारे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. परंतु कंपनीचा तक्ता पायाच्या लांबीचा असेल, तर ही जागा त्यात धरलेली असते; ती पुन्हा मिळवू नये.

रुंदीकडेही दुर्लक्ष नको. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील १ लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय रुंद असल्याचे त्यातून दिसले. अरुंद जोडा बसावा म्हणून गिऱ्हाईक मोठा नंबर घेते. मग टाच सुटते, पाय पुढे घसरतो आणि नखे काळी पडतात. अशांना रुंद फर्म्याचा जोडा दाखवावा. फर्म्यावर काम करणाऱ्या कारागिरांनीही हे ध्यानी घ्यावे.

‘वापरून सैल होईल’ असे सांगून घट्ट जोडा गळ्यात मारणे हा व्यापार नव्हे. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना फोड आलेला कळतही नाही आणि त्याचीच जखम होते. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात खोट करणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. तराजूला जो न्याय, तोच पट्टीला. गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्याच्या पायाची लांबी-रुंदी वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी ते तुमच्याकडेच येईल.