ओळखीचं भांडवल

बागलाणातलं आमचं नामपूर म्हणजे मोसम नदीकाठचं, कांद्याच्या बाजाराचं गाव. दहावी-बारावीचा निकाल लागला की इथं घरोघरी एकच प्रश्न असतो : पुढं काय? ज्या घरातला मामा नाशिकला बँकेत किंवा चुलतभाऊ पुण्याला कारखान्यात आहे, तिथं दोन फोन होतात आणि वाट सापडते. शेतमजुराच्या घरीही नातेवाईक पुष्कळ असतात, जिवाला जीव देणारे असतात. पण तेही मजुरीच करतात. कुणाच्या मळ्यात कांदे लावायचं काम निघालंय, एवढंच त्यांच्याकडून कळतं. मार्क सारखे असले तरी वाटा इथंच फुटतात.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये याचं मर्म सांगितलं. नोकरीची बातमी बरेचदा जिवलगाकडून नव्हे, तर जुजबी ओळखीच्या माणसाकडून मिळते. कारण जिवलगाला जे ठाऊक असतं, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. म्हणजे ओळखी किती आहेत यापेक्षा त्या कुठवर पोचतात, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे या ओळखींना जातीचं कुंपण आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबर भरती करी आणि आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक कामाला लावी. त्यामुळे अनेकांना शहरात आधार मिळाला. मात्र जास्त पगाराच्या विणकाम खात्याचं दार अस्पृश्य कामगारांना बंद होतं. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, म्हणून विटाळाची सबब सांगितली जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता.

असा आधार कधी कधी पायातली दोरीही होतो. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा दादरच्या शाळांविषयीचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वदीनंतर इंग्रजीला भाव आला, तरी कष्टकरी जातींतले मुलगे मराठी शाळांतच अधिक राहिले. कारण जातभाईंच्या ओळखीनं मिळणाऱ्या कामाला इंग्रजी लागत नव्हतं. त्याच जातींतल्या मुली मात्र इंग्रजी शाळांकडे वळल्या. पुरुषांच्या त्या जाळ्यात त्यांना जागा नव्हती, म्हणून बंधनही नव्हतं.

मग उपाय काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. एका छपराखाली राहिलं, एका पंगतीत जेवलं की जातीपलीकडची ओळख होते, आणि ती जन्मभर पुरते. संस्थांनी अशी ठिकाणं वाढवावीत, भरतीची माहिती उघडपणे जाहीर करावी.

आणि आपण? शिष्यवृत्तीची, परीक्षेची बातमी आपण भाच्या-पुतण्यांना न विसरता कळवतो. तीच बातमी आपल्या मळ्यात कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीलाही सांगावी. आपलं त्यात काही कमी होत नाही. तिचं मात्र आयुष्य बदलू शकतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)