एकच रंग, तीन सोडे : घरातील सोड्याचा सुजाण वापर

ग्वाल्हेर शहरातील लष्कर हा भाग १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या सैन्याचा तळ येथे पडल्याने वसला. या भागातील जुन्या मराठी घरांत आजही दसरा-दिवाळी जवळ आली की फडताळे रिकामी होतात, देव्हाऱ्यातील चांदीची उपकरणी बाहेर निघतात, तांब्याचे घंगाळ आणि पितळेचे डबे अंगणात येतात आणि ट्रंकेतील चंदेरी लुगड्यांना ऊन दाखविले जाते. अशाच एका घरी प्रस्तुत लेखकास फडताळात तीन सारख्या बरण्या दिसल्या. एकीत खाण्याचा सोडा, दुसरीत धुण्याचा सोडा आणि तिसरीत घरी साबण करण्यासाठी आणलेला कॉस्टिक सोडा होता. तिन्ही पांढरे, आणि बरणीवर नाव एकीच्याही नाही. कोणत्या बरणीत काय आहे हे फक्त आजींना ठाऊक, आणि आजी त्या दिवशी कीर्तनाला गेलेल्या. सूनबाईंनी ढोकळ्याच्या पिठासाठी एक बरणी उचलली, क्षणभर विचार केला आणि ती परत ठेवली. ती धुण्याच्या सोड्याची होती, हे आजी आल्यावर कळले. अनर्थ टळला तो केवळ त्या क्षणभराच्या विचाराने.

सोडा ही अत्यंत उपयुक्त आणि स्वस्त वस्तू आहे. परंतु "सोडा" हे एक नाव तीन निरनिराळ्या पदार्थांस लावले जाते. कोणत्या कामास कोणता सोडा, हे कळले तरच त्याचा लाभ होतो.

तिघांचे स्वभाव

पदार्थ किती आम्ल वा किती अल्कधर्मी आहे, हे "सामू" या मापाने सांगतात. शेतकरी बांधवांना माती परीक्षणामुळे हा शब्द परिचित आहे. सामू ७ म्हणजे उदासीन. त्यावर जावे तसा अल्कधर्म वाढतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू सुमारे ८.३ असतो, म्हणून तो सौम्य होय. धुण्याच्या सोड्याचा सामू ११ च्या आसपास जातो. तो तेलकटपणा काढतो, पण हातांची त्वचाही कोरडी करतो. कॉस्टिक सोड्याचा सामू १३ च्याही पुढे असतो. तो कातडी व डोळे जाळतो.

पहिल्या दोघांचे नाते मात्र जवळचे आहे. खाण्याचा सोडा तापविला की त्यातून कर्बवायू व पाण्याची वाफ निघून जाते आणि धुण्याचा सोडा शिल्लक राहतो. १६८ ग्रॅम खाण्याचा सोडा पूर्ण तापविल्यास ४४ ग्रॅम कर्बवायू व १८ ग्रॅम पाणी निघून १०६ ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा उरतो. ढोकळा फुगतो तो या कर्बवायूमुळेच. पिठात दही किंवा लिंबू असल्यास वायू लवकर व पूर्णपणे सुटतो. आंबटपणा कमी आणि सोडा जास्त झाला, तर उरलेला सोडा पदार्थास साबणासारखी चव आणि पिवळट रंग देतो.

तळ्यातून कारखान्याकडे

आज हे सोडे कारखान्यांतून येतात; पूर्वी ते जमिनीतून आणि तळ्यांतून येत. उत्तर हिंदुस्थानात ऊसर जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर फुटतो. त्यास "रेह" म्हणतात, आणि धोबी लोक ही माती कपडे धुण्यास वापरीत. महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर याच क्षारासाठी प्रसिद्ध होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल याने "ऐन-ए-अकबरी"त या परिसरात काच व साबण बनविण्याचा माल मिळतो, अशी नोंद केली आहे. आता लोणार हे संरक्षित अभयारण्य असून २०२० मध्ये त्यास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला आहे. बेल्जियममधील अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ मध्ये मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा करण्याची पद्धत शोधली आणि तळ्यातील क्षाराची गरज ओसरली. आपल्या देशात १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सने गुजरातेतील मिठापूर येथे हा उद्योग वाढविला.

चांदी, तांबे आणि पितळ

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची छोटी आगगाडी पाहण्यास लोक दुरून येतात. जयाजीराव शिंदे यांच्या काळात, १८७४ मध्ये हा राजवाडा पूर्ण झाला. अशा संग्रहातील वस्तूंची निगा तज्ज्ञांनीच राखावयाची असते. घरातील साधी वाटी, पळी किंवा निरांजन मात्र आपणास सोड्याने उजळता येते.

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. राख किंवा भुकटीने घासल्यास काळेपणाबरोबर चांदीही झिजते. त्याऐवजी काचेच्या अथवा प्लॅस्टिकच्या पसरट भांड्यात ॲल्युमिनियमची पातळ पन्नी अंथरावी, तिला चिकटून चांदीची वस्तू ठेवावी आणि एक लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून ते पाणी वर ओतावे. ॲल्युमिनियम गंधक ओढून घेते आणि चांदी जागच्या जागी राहते. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. किंचित दुर्गंधी येते, म्हणून खिडकी उघडी असावी. मोती किंवा खडे बसविलेले, आत लाख भरलेले, मुलामा दिलेले अथवा नक्षीत मुद्दाम काळेपणा ठेवलेले दागिने या पाण्यात घालू नयेत.

तांब्या-पितळेस हा उपाय चालत नाही. त्यांवरील डाग आम्लाने सुटतात. म्हणूनच आपल्याकडे चिंच, लिंबू आणि मीठ वापरण्याची रीत पडली. येथे सोड्याचे काम नंतरचे आहे. चिंचेने घासून धुतलेल्या भांड्यावर सोड्याचे पाणी फिरविल्यास उरलेले आम्ल निकामी होते आणि भांडे पुन्हा लवकर डागळत नाही. घरोघर ज्यास "जर्मन" म्हणतात त्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांस मात्र धुण्याचा व कॉस्टिक सोडा लावू नये. तो धातूच खातो.

वस्त्रे, गालिचे आणि दगड

सुती कपड्यास धुण्याचा सोडा मानवतो. जड पाणी त्याने मऊ होते व साबण कमी लागतो. रंगारी सुती कापड रंगविण्यापूर्वी सोड्याच्या पाण्यात उकळतात, कारण त्याने सुतावरील नैसर्गिक मेण निघून रंग सारखा बसतो. रेशीम आणि लोकर हे मात्र प्राणिज धागे आहेत आणि तीव्र अल्काने ते कमकुवत होतात. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या चंदेरीच्या वस्त्रांत रेशमाचा धागा असतो. त्यांस धुण्याचा सोडा लावणे म्हणजे त्यांचे आयुष्य कमी करणे होय.

हाताने विणलेल्या ग्वाल्हेरी गालिच्यास २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा लोकरी गालिच्यास कुबट वास येऊ लागल्यास त्यावर कोरडा खाण्याचा सोडा पातळ भुरभुरावा, अर्ध्या तासाने मऊ कुंच्याने पूर्ण झटकून काढावा आणि पाणी लागू देऊ नये. प्रथम एका कोपऱ्यावर पाहून घ्यावे, कारण काही रंग क्षाराने बदलतात.

ग्वाल्हेर परिसर वालुकाश्मातील कोरीव कामासाठीही ओळखला जातो. दगडी मूर्ती किंवा जाळी सोड्याच्या पाण्याने धुऊ नये. क्षार दगडाच्या छिद्रांत शिरतो, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो.

स्वयंपाकघरातील मर्यादा

चहाचे डाग पडलेले कप, वास येणारा डबा, तेलकट ओटा यांसाठी ओल्या फडक्यावर घेतलेला खाण्याचा सोडा पुरेसा होतो. कढईतील थोड्या तेलाने पेट घेतल्यास गॅस बंद करून झाकण ठेवावे. झाकण नसेल तर मूठभर हा सोडा टाकावा. पाणी कधीही ओतू नये आणि चुकूनही मैदा किंवा पीठ टाकू नये, ते भडकते.

सोडा व व्हिनेगर एकत्र करून सफाई करण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. फेस दिसतो हे खरे, पण आम्ल आणि अल्क परस्परांस निकामी करतात आणि बहुतांशी खारट पाणी उरते. सोडा जंतुनाशकही नव्हे. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घातल्यास त्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. डाळ आधी भिजविणे हाच चांगला मार्ग.

पित्तावर वारंवार सोडा घेणे अयोग्य आहे. एका लहान चमच्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय तो घेऊ नये. अतिसारावरील क्षार-साखरेच्या द्रावणात पूर्वी सोडा असे. १९७५ च्या सूत्रात एका लिटरला २.५ ग्रॅम होता. १९८४ मध्ये त्याची जागा सायट्रेटने घेतली. यास्तव जुन्या आठवणीवर न जाता आरोग्य केंद्रातील पाकीटच वापरावे.

कॉस्टिक सोड्याची खबरदारी

साबण करताना नेहमी सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये, ते उसळते. हातमोजे व चष्मा वापरावा आणि मुलांना दूर ठेवावे. अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन रुग्णालय गाठावे. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. पोटात गेल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. बरणी सोबत घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

वर्गात कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवाव्यात. खाण्याच्या आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी त्यांवर वेगवेगळे सोडल्यास दोन्हींमुळे पिवळा रंग लालसर होतो. लिंबाचा रस टाकल्यास दोन्ही फसफसतात. मग मुलांना विचारावे, "आता यातला ढोकळ्याचा सोडा कोणता?" रंगाची छटा थोडी कमी-अधिक दिसेल, पण तेवढ्यावर विसंबून खात्रीने उत्तर देता येणार नाही. चाखून पाहणे तर सर्वथा वर्ज्य. नाव नसलेल्या बरणीवर विसंबता येत नाही, हे विद्यार्थी या प्रयोगातून स्वतःच शिकतील.

उपरोल्लेखित घरात आता तिन्ही बरण्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या आहेत. खाण्याचा सोडा स्वयंपाकघरात, धुण्याचा मोरीजवळ आणि कॉस्टिक सोडा कुलपात, अशी त्यांची जागाही वेगळी झाली आहे. चिठ्ठ्या आजींनी सांगितल्या आणि नातीने लिहिल्या. आपल्या घरी, शाळेत आणि अंगणवाडीच्या स्वयंपाकघरातही ही व्यवस्था आजच करण्यात यावी. तिला खर्च नाही. लागतो तो कागदाचा एक तुकडा आणि थोडी खळ.