लाखाचे यंत्र आणि रबराची टोपी

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. तुर्भ्याच्या आमच्या घरात पाच तरुण मुले सतरंजीवर मांडी घालून बसली होती आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हती. समोरचे पोहे गार होत होते. मधोमध चष्म्याच्या घरांएवढ्या पाच-सहा डब्या उघडून ठेवलेल्या. प्रत्येकाच्या कानात काहीतरी खोचलेले, डोळे मिटलेले, चेहरे समाधी लागल्यासारखे. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून डोकावल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "भांडण झालंय का यांचं?"

भांडण नव्हते, परीक्षा चालली होती. माझा पुतण्या गायकांच्या जाहीर कार्यक्रमांत ध्वनिव्यवस्था सांभाळतो. त्याचे मित्र ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांत संगणकावर काम करतात. सगळ्यांना एकच वेड, उत्तमातल्या उत्तम इअरफोनचे. त्याला ते 'इन-इअर मॉनिटर' म्हणतात. त्या दिवशी प्रत्येकाने आपापले शस्त्र आणले होते आणि कोणाचे सरस हे ठरवायचे होते.

किमती ऐकल्या आणि माझ्यातला निवृत्त बँक अधिकारी जागा झाला. सर्वांत स्वस्त मूनड्रॉपचा 'आरिया', तो काही हजारांचा. सेनहायजरचा 'आयई ९००', २०२१ साली बाजारात आला तेव्हा सुमारे १३०० डॉलर, म्हणजे आपल्याकडे लाखाच्या घरात. '६४ ऑडिओ' नावाच्या अमेरिकन कंपनीचा 'यू १२ टी' तर दोन हजार डॉलरच्या आसपास. मी नोकरीला लागलो तेव्हाचा माझा चार-पाच वर्षांचा पगार तो मुलगा दोन कानांत घालून बसला होता! असल्या वस्तूसाठी माझ्यापुढे कर्जाचा अर्ज आला असता, तर 'तारणमूल्य शून्य' असा शेरा मारून मी तो परत पाठवला असता.

पण मुलांचे म्हणणे ऐकायला हवे होते. रंगमंचावर गायकाच्या पायाशी तिरके ठेवलेले काळे स्पीकर आपण ऑर्केस्ट्रात पाहिले आहेत. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ते असतात. त्यांनाच मॉनिटर म्हणतात. वाद्यांचा गदारोळ वाढला की ते मोठे करावे लागतात, मग माइक त्यांचा आवाज पकडून किंचाळतो आणि रोज त्या माऱ्यात उभे राहणाऱ्याचे कान जातात. १९९५ च्या सुमारास जेरी हार्वे नावाच्या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने 'व्हॅन हेलन' या रॉक वाद्यवृंदाच्या ढोलवादकासाठी हा मॉनिटर थेट कानात बसवला. पुढे त्यातूनच एक कंपनी उभी राहिली.

त्याआधी, १९९१ साली, 'एटिमॉटिक' या कंपनीने 'ईआर-४' हा इअरफोन काढला होता. तो करणारे मीड किलियन हे मुळात श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले संशोधक. या इअरफोनात आवाज करणारा जो तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा भाग असतो, तो श्रवणयंत्रातूनच आलेला. म्हणजे आजच्या तरुणांच्या कानातली ही चैनीची वस्तू आपल्या आजोबांच्या कानातल्या मशीनच्या नात्यातली आहे. हे ऐकताना माझ्या मनात काहीतरी हलले, पण ते तेवढ्यावरच राहिले.

परीक्षेची पद्धत मला आवडली. आधी सगळ्या इअरफोनचा आवाज एका पातळीवर आणायचा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. दुकानात फसगत होते ती इथेच. मग पूर्ण ओळखीचे असे एकच ध्वनिमुद्रण सगळ्यांवर ऐकायचे. माझ्या आग्रहावरून भीमसेनजींचा एक अभंग लावला. टाळ, पखवाज, तंबोरा आणि तो आवाज. तो मी इतक्यांदा ऐकला आहे की कुठे श्वास घेतला तेही पाठ आहे.

मुलांची मते भराभर आली. 'आयई ९००' मध्ये दर कानाला ७ मिलिमीटरचा एकच पडदा आहे, त्याचा खर्ज भरदार. 'यू १२ टी' मध्ये दर कानाला १२ छोटी यंत्रे, त्यात प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते. शुअरच्या 'एसई ८४६' मध्ये चार, त्याचा आवाज मऊ, तासन् तास ऐकावा असा. 'ईआर-४' चा धाकटा वंशज नितळ आणि काटेकोर, गोड करून सांगणे त्याला ठाऊक नाही.

मग दोन हजार डॉलरवाला माझ्या कानात आला. मी ऐकले आणि खरे सांगतो, मनातून घाबरलो. पखवाज नव्हताच! टाळ मात्र पत्र्यावर पाऊस पडावा तसे वाजत होते. भीमसेनजींचा आवाज जुन्या टेलिफोनवरून यावा तसा. साठी उलटून काही वर्षे झाली आहेत. टीव्हीच्या आवाजावरून घरात कुरबुर असतेच. मला वाटले, झाले, आपले कान गेले. मी काही न बोलता इअरफोन काढून ठेवला आणि "छान आहे" म्हणालो.

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. "काका, खरं सांगा, पखवाज ऐकू आला?"

"नाही रे."

"मग कान नाही, टिप चुकलीय. बाजूनं गळतंय."

त्याने खिशातून एक डबी काढली. आत रबराच्या इवल्या टोप्या, काही पारदर्शक, काही काळ्या, काही स्पंजाच्या. इअरफोनच्या नळीवर बसते आणि कानात जाते ती ही टोपी. तिलाच टिप म्हणतात. उजव्या कानाला मधल्या मापाची बसली. डाव्याला तीच सैल होती, तिथे मोठी लागली. माझे दोन कान एका मापाचे नाहीत हे इतक्या वर्षांत मला प्रथमच कळले. त्याने कानाची पाळी वर आणि मागे ओढून इअरफोन हलकेच फिरवत आत बसवायला सांगितले. पंख्याची घरघर एकदम दूर गेली. आणि मग पखवाज आला. छातीत वाजावा तसा आला. तंबोऱ्याची जवारी वेगळी ऐकू येऊ लागली. यंत्र तेच होते, बदलली होती फक्त रबराची टोपी.

यामागचे कारण साधे आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि नागमोडी असते. खर्जाचा आवाज म्हणजे हवेचा सावकाश दाब. कडेने फट राहिली की तो दाब तिथून निसटतो. चिरके, उंच स्वर मात्र राहतात. पंक्चर असलेल्या सायकलीला कितीही हवा भरा, तसेच. अनेक छोटी यंत्रे असलेल्या महागड्या इअरफोनला ही फट अधिकच जाचते.

त्या दिवशी टिपांबद्दल जे शिकलो ते सांगतो, कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरी एखादा इअरफोन असेलच. सिलिकॉनची टिप धुता येते, टिकते, आवाज मोकळा ठेवते. स्पंजाची टिप बोटांत चुरगाळून बारीक करायची, कानात घालायची आणि ती फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. ती जवळजवळ कुठल्याही कानात बसते, पण उंच स्वरांची धार थोडी बोथट करते आणि काही महिन्यांत बदलावी लागते. छत्र्या एकावर एक ठेवाव्यात तशी तीन पाळ्यांची टिप खोल जाते आणि बाहेरचा आवाज चांगलाच अडवते, मात्र सर्वांनाच ती सोसत नाही. टिपेचे भोक रुंद असले तर आवाज सहसा उजळ होतो, अरुंद असले तर थोडा मंद. नळीचे मापही पाहावे लागते. शुअर आणि एटिमॉटिकची नळी सुमारे ३ मिलिमीटरची, इतर बहुतेकांची ५ ते ६. त्यामुळे एकाची टोपी दुसऱ्याला बसत नाही. दुखले किंवा दडा बसला तर माप मोठे आहे, खर्ज हरवला तर छोटे आहे. दोन कानांना दोन मापे लागली तर लाजू नये. आणि ज्याचा कान वाहतो किंवा पडद्याला भोक आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कानात काहीही खोचू नये.

मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली एक सुताचा धागा असतो. तो केसभर सरकला की जवारी उघडते किंवा बंद होते. इतका मोठा भोपळा, कोरीव काम, तारा, आणि गळा ठरवणार तो धागा. हे ठाऊक असलेल्या माणसाला रबराच्या टोपीचे नवल वाटायला नको होते.

शेवटी मुलांनी योग्य टिप लावून पुन्हा फेरी घेतली. दोन मते तिथल्या तिथे फिरली. काही हजारांचा 'आरिया' नीट बसवल्यावर मला तरी लाखाच्या यंत्रापेक्षा फार मागे वाटला नाही. फरक होता, तो बारकाव्यांचा. २०१७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात २८३ हेडफोन मोजले होते. किंमत आणि स्वरांचा समतोल यांच्यात काहीही संबंध सापडला नाही. मी हे मोठ्याने सांगितले तेव्हा दोन हजार डॉलरवाला मुलगा पोहे खाण्यात गर्क झाला.

मुले गेल्यावर मी खिडकीत बसलो. तुर्भ्याला शांतता अशी नाहीच. ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसीचे कारखाने, बाजार समितीचे ट्रक, ट्रान्स हार्बरची लोकल. १९९० च्या दशकात मी इथल्या शाखेत होतो तेव्हा डोंगरातल्या दगडखाणींचे कामगार पगाराचे पैसे काढायला येत. काउंटरवर ते ओरडून बोलत. आमचा शिपाई त्यांना "हळू बोला, बँक आहे" असे दटावायचा, आम्ही हसायचो. क्रशरच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. काहींच्या कानात कापसाचे बोळे असत. कापूस असा आवाज फारसा अडवत नाही. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि कामगारांना द्यायची स्पंजाची बुचे अगदी स्वस्त मिळतात. पण तीही चुरगाळून, पाळी ओढून, पूर्ण आत घातली तरच उपयोगाची. अर्धवट खोचलेले बूच आणि गळ्यात लटकणारे बूच यांत फारसा फरक नाही.

तरुणांचे संकट वेगळे. लोकलच्या खडखडाटात गाणे ऐकू यावे म्हणून ते आवाज चढवतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलला उरतात फक्त ५ तास. चक्रवाढ व्याजासारखेच हे, फक्त फेड कानाने करायची. टिप नीट बसली तर बाहेरचा गोंगाट आपोआप कमी होतो आणि आवाज चढवावा लागत नाही. मात्र रूळ किंवा रस्ता ओलांडताना ती कानातून काढलीच पाहिजे.

"बाजूनं गळतंय." पुतण्याचा हा शब्द मात्र मला त्या रात्री झोपू देईना.

१९९४ साली मी वडिलांना कानामागे लावायचे मशीन घेऊन दिले होते. महिन्याच्या पगाराहून महाग. त्यांनी ते आठवडाभर लावले. मग म्हणाले, "शिट्टी वाजते रे." मी म्हणालो, "सवय होईल." सवय झाली नाही. मशीन कपाटाच्या खणात गेले. एवढे पैसे घालवले आणि हे वापरत नाहीत, म्हणून मी चिडलो, एकदा चारचौघांत बोललोही. त्यानंतरची सात वर्षे ते आमच्यात बसत, आम्ही हसलो की हसत.

आता मला कळते, मशीन बिघडलेले नव्हतेच. कानात बसणारा प्लॅस्टिकचा साचा सैल होता. मशीनने मोठा केलेला आवाज फटीतून बाहेर येत होता, पुन्हा मशीनच्याच माइकमध्ये शिरत होता आणि शिट्टी होत होती. रंगमंचावरचा माइक किंचाळतो तसाच. साचा एकदा करून भागत नाही. वय वाढते, अंग उतरते, तसा कानही बदलतो. कानात मऊ मसाला भरून नवे माप घ्यायचे, नवा साचा करायचा. यापलीकडे काही नव्हते. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून उभी होती, असे साचे तिथे होत असत. तुर्भ्याहून दीड तासाचा प्रवास. मी गेलो नाही, कारण मी मशीनची किंमत पाहिली होती, त्यांचा कान पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खण उपसला. डबी सापडली. साचा पिवळा पडून दगडासारखा झाला आहे. त्या आठवड्यात मी स्वतःचे कान तपासून घेतले. वयाप्रमाणे थोडी घट आहे, डॉक्टर म्हणाले वर्षाने पुन्हा या. टीव्हीवरून कुरबुर चालूच आहे.

कोणाच्या घरात खणात पडलेले असे मशीन असेल, तर आजच्या रविवारी ते बाहेर काढावे. बॅटरी बघावी, आणि ज्यांचे ते आहे त्यांना शांतपणे, समोर बसून विचारावे. शिट्टी वाजते का? दुखते का? सैल वाटते का? उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. मग त्यांना हाताला धरून साचा करणाऱ्याकडे न्यावे.